पडद्यावरची संशोधनपद्धती

फेब्रुवारी उजाडला की फोनवर एका ठरावीक साच्याचे निरोप येऊ लागतात. ‘नमस्कार, मी एम.ए. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी असून समाजमाध्यमांचा तरुणांवरील परिणाम या विषयावर संशोधन करत आहे. खालील लिंकवरील फॉर्म भरून सहकार्य करावे. दोनच मिनिटे लागतील.’ निरोप आधी वर्गाच्या ग्रुपवर पडतो, मग गावच्या, मग मावशीच्या सोसायटीच्या. आठवडाभरात साठ-सत्तर उत्तरं जमतात. रंगीत वर्तुळं गूगलच काढून देतं. ती वर्डच्या फाइलमध्ये डकवायची, प्रत्येकाखाली ‘वरील आकृतीवरून असे दिसून येते की’ असं लिहायचं, आणि शेवटी पालकांनी लक्ष द्यावं, शासनानं जनजागृती करावी अशा शिफारशी. स्पायरल बाइंडिंग, दोन प्रती, तोंडी परीक्षा. झालं संशोधन.

आजवर हे एम.ए. आणि एम.एस.डब्ल्यू.च्या शेवटच्या वर्षापुरतं होतं, म्हणून कोणी फारसं मनावर घेतलं नाही. आता चित्र बदलतं आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी २०२३ मध्ये आणि संलग्न महाविद्यालयांनी २०२४ मध्ये पदवीचा नवा आराखडा सुरू केला. त्यात ‘फील्ड प्रोजेक्ट’ हा प्रकार पदवीच्या मधल्याच वर्षांत येतो. पुढे चार वर्षांच्या पदवीत ‘ऑनर्स विथ रिसर्च’ अशी वाट आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणारा विद्यार्थी चौथ्या वर्षी ती निवडू शकतो, आणि तिथे बारा क्रेडिटांचा प्रबंध लिहावा लागतो. म्हणजे जे काम काल पीएच.डी.च्या उंबरठ्यावर शिकवलं जायचं, ते आता वीस-एकवीस वर्षांच्या मुलामुलींना करायचं आहे. शिकवणार कोण? तालुक्याच्या महाविद्यालयात समाजशास्त्राचे प्राध्यापक बहुधा एक किंवा दोन, त्यांतले एखादे तासिका तत्त्वावर. ‘संशोधन पद्धती’चा पेपर वर्षानुवर्षं नोट्स सांगून उरकलेला: संशोधनाचा अर्थ, व्याख्या, वैशिष्ट्ये, महत्त्व, मर्यादा. या प्रश्नाचं धोरणकर्त्यांना सुचलेलं सोपं उत्तर म्हणजे ऑनलाइन अभ्यासक्रम.

हे उत्तर वाईट नाही. केंद्र सरकारचा ‘स्वयम्’ हा मंच जुलै २०१७ मध्ये सुरू झाला. त्यावरच्या प्रत्येक अभ्यासक्रमाची रचना चार पायांची असते: व्हिडिओ व्याख्यानं, वाचनाचं साहित्य, स्वतःची चाचणी आणि शंकांची चर्चा. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१६ मध्ये एका सत्रातली वीस टक्क्यांपर्यंत क्रेडिटं अशा अभ्यासक्रमांतून घ्यायची मुभा दिली, २०२१ मध्ये ती मर्यादा चाळीस टक्क्यांवर नेली. त्याशिवाय इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची एम.ए. समाजशास्त्राची संशोधनपद्धतीची पुस्तकं ‘ई-ज्ञानकोश’वर कुणालाही उतरवून घेता येतात. ज्यांना इंग्रजीचा अडसर नाही ते थेट परदेशी विद्यापीठांकडेही जातात. सामाजिक शास्त्रांच्या पद्धती आणि संख्याशास्त्र यांवरची अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठाची ‘कोर्सेरा’वरची मालिका आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक आहे.

चांगल्या प्रास्ताविक अभ्यासक्रमात आठ-बारा आठवड्यांत काय येतं? शास्त्र कशाला म्हणायचं इथून सुरुवात. मग संशोधनप्रश्न, गृहीतक, संकल्पना मोजता येईल अशी कशी मांडायची, चलं, नमुनानिवड, प्रश्नावली, मुलाखत, निरीक्षण, कार्यकारणाचा दावा कधी करता येतो, माहितीचं विश्लेषण, नीती आणि अहवाललेखन. यांतला निम्मा तरी भाग पडद्यावर उत्तम शिकवता येतो, किंबहुना नोट्सच्या वर्गापेक्षा बराच चांगला. व्याख्यान थांबवता येतं, मागे नेता येतं, आणि ‘सर, पुन्हा सांगा’ म्हणायचा संकोच उरत नाही.

नमुनानिवडीचंच बघा. १९३६ मध्ये अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं अध्यक्षीय निवडणुकीचा कौल घेण्यासाठी सुमारे एक कोटी पत्रं पाठवली. चोवीस लाखांच्या आसपास उत्तरं आली. एवढ्या ढिगाच्या जोरावर त्यांनी लँडन जिंकणार असं छापलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकून निवडून आले. जॉर्ज गॅलपनं जवळपास पन्नास हजार लोकांच्या नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला होता. साप्ताहिकाची यादी टेलिफोनच्या वह्या आणि मोटारींच्या नोंदणीतून काढलेली, आणि मंदीच्या काळात ज्याच्याकडे फोन आणि मोटार होती तो मतदार वेगळा होता. त्यात ज्यांनी हौसेनं उत्तर टपालात टाकलं तेही वेगळे. ही गोष्ट पंधरा मिनिटांच्या व्हिडिओत आकडे, नकाशा दाखवत सांगितली की नमुन्याचा आकार आणि नमुन्याचा प्रामाणिकपणा या वेगळ्या गोष्टी आहेत हे डोक्यात पक्कं बसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला फॉर्म म्हणजे लिटररी डायजेस्टचीच छोटी आवृत्ती, हेही मग शिक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही.

कार्यकारणाचंही तसंच. नोकरीत जातीवरून भेदभाव होतो का, हे मालकांना विचारून कळत नाही, कारण ‘आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो’ हेच उत्तर मिळतं. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वेगळी वाट काढली. खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना तोडीस तोड पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा ठेवला: एक सवर्ण हिंदू वाटणारं, एक दलित, एक मुस्लिम. २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त निष्कर्ष आले. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश होती आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश. एक गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं स्थिर ठेवायचं, हे प्रयोगाचं तत्त्व यापेक्षा स्पष्ट कुठे दिसेल? एका चांगल्या व्याख्यात्यानं हा अभ्यास एकदा नीट मांडून ठेवला की नांदेडचा विद्यार्थी आणि दिल्लीचा विद्यार्थी यांना तो एकाच दर्जानं मिळतो. ऑनलाइन शिक्षणाची ही बाजू मला खरोखर मोलाची वाटते.

अडचण पुढे सुरू होते, आणि तिची मुळं परीक्षेत आहेत. ‘स्वयम्’वरच्या एन.पी.टी.ई.एल.च्या अभ्यासक्रमांत साप्ताहिक असाइनमेंटला २५ टक्के वजन असतं आणि केंद्रावरच्या परीक्षेला ७५ टक्के. दोन्हीकडे भर चार पर्यायांतून एक निवडण्यावर. ‘खालीलपैकी कोणती संभाव्यता नमुनानिवडीची पद्धत नाही?’ याला बरोबर खूण करणारा विद्यार्थी आपल्या गावात नमुना काढू शकेलच असं नाही. शिवाय त्या आठवड्याच्या असाइनमेंटची उत्तरं मुदत संपायच्या आत यूट्यूबवर आणि टेलिग्रामवर हजर असतात, हे विद्यार्थ्यांना ठाऊक आहे आणि शिक्षकांनाही. हजारो जणांची उत्तरं तपासायची तर यंत्रानं तपासता येतील असेच प्रश्न घालावे लागतात, हे मान्य. मग त्यातून जे मोजलं जातं ते संशोधनाचं कौशल्य आहे असा दावा तरी विद्यापीठांनी करू नये.

पडद्यावरून उतरत नाही ती मुख्य गोष्ट म्हणजे प्रश्न विचारणं. प्रश्नावली हे सामाजिक शास्त्रांतलं सर्वांत सोपं दिसणारं आणि सर्वांत फसवं साधन. आपल्या देशात एका प्रश्नाच्या रचनेनं गरिबीचा आकडा कसा हलवला ते पाहण्यासारखं आहे. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या पुढाकारानं १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. घरखर्च विचारताना ‘गेल्या तीस दिवसांत तांदूळ, डाळ, तेल किती घेतलं’ असं विचारायची रीत रूढ होती. काहींचं म्हणणं होतं की महिनाभराचं लोकांना आठवत नाही, म्हणून खाण्यापिण्याचं सात दिवसांचं विचारावं. मधल्या काही फेऱ्यांत प्रयोग म्हणून काही कुटुंबांना तीस दिवसांचं आणि इतरांना सात दिवसांचं विचारलं, तेव्हा सात दिवसांवरून काढलेला खर्च बराच जास्त निघाला. मग १९९९-२००० च्या ५५व्या फेरीत दोन्ही प्रश्न एकाच कुटुंबाला, एकाच पत्रकात, शेजारशेजारच्या रकान्यांत विचारले गेले.

पुढचं ओळखायला संख्याशास्त्र लागत नाही. सात दिवसांचं दोन किलो सांगितलेली बाई तीस दिवसांचं चार किलो कसं सांगेल? उत्तरं एकमेकांशी जुळत गेली आणि तीस दिवसांचा आकडा वर सरकला असावा, असं बहुतेक अर्थतज्ज्ञांचं मत पडलं. याच फेरीच्या आधारे देशातली गरिबी ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आल्याचं सरकारनं जाहीर केलं. ती घट किती खरी आणि किती पत्रकाची करामत, यावर पुढची काही वर्षं वाद झडला. पुढे नोबेल मिळालेले अँगस डीटनसुद्धा त्यात होते. पाहणीतले अन्वेषक अनुभवी होते आणि नमुना मोठा होता. तरीही दोन रकाने शेजारी आले आणि सहा-सात वर्षांची तुलना संशयास्पद झाली.

असंच एक उदाहरण जनगणनेतलं. शेतात दिवसभर राबणारी बाई ‘काम करता का?’ या प्रश्नाला ‘नाही, घरीच असते’ म्हणते, किंवा तिच्या वतीनं नवराच ते सांगून मोकळा होतो. म्हणून १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नाला एक कंस जोडला गेला: शेतावरचं किंवा घरच्या धंद्यातलं बिनपगारी कामही यात धरावं. हा कंस व्याख्यानात ऐकून लिहून घेता येतो. पण ती बाई असं का म्हणते ते ओट्यावर तिच्याशेजारी बसल्याशिवाय कळत नाही. तिथे सासू दारातून ऐकत असते, पोर रडत असतं, आणि ‘हे सरकारी आहे का, काही मिळणार का’ हा प्रश्न आपल्यालाच आधी विचारला जातो.

मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं काम १९९२-९३ पासून तिच्याकडे. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत सहा लाखांहून जास्त घरं होती. घरगुती हिंसाचाराचे प्रश्न त्यात कसे विचारतात ते प्रत्येक विद्यार्थ्याला सांगायला हवं. एका घरातून एकाच स्त्रीला हे प्रश्न विचारले जातात. पूर्ण एकांत मिळाला तरच, आणि तो मिळाला नाही तर तो भाग सोडून दिला जातो. माहिती हुकली तरी चालेल, पण तिच्या उत्तरामुळे रात्री तिलाच मार बसता कामा नये. आता याच विषयावर महाविद्यालयीन प्रकल्पात फिरणारे गूगल फॉर्म आठवा. ‘तुमच्यावर कधी अत्याचार झाला आहे का? होय / नाही / सांगू शकत नाही.’ वर ई-मेल आपोआप नोंदवला जाण्याची खूण तशीच ठेवलेली.

नीतीबद्दल आपल्याकडे शिकवलं जात नाही असं नाही, पण जे शिकवलं जातं ते भलतीकडे झुकलेलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ मध्ये पीएच.डी.साठी ‘संशोधन आणि प्रकाशन नीती’ हा दोन क्रेडिटांचा अभ्यासक्रम आणला. त्याचे घटक पाहिले तर प्रकाशनातले गैरव्यवहार, मुक्त प्रकाशन, उद्धरणांचे निर्देशांक यांचा वरचष्मा दिसतो. वाङ्मयचौर्याचे २०१८ चे नियम त्याआधीचे: दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, पुढे दंडाच्या पायऱ्या. परिणाम असा की संशोधक विद्यार्थ्याला दहा टक्क्यांचा आकडा झोपेतही आठवतो, पण ज्या माणसाची मुलाखत घेतली त्याची संमती कशी घ्यायची, ध्वनिमुद्रण कुठे ठेवायचं, कधी पुसायचं, नाव बदललं तरी छोट्या गावात तो ओळखू येणार नाही ना, हे विचारलं तर तो गोंधळतो. बोगस नियतकालिकांच्या सुळसुळाटामुळे हे नियम आले, त्यांची गरज होतीच. पण सामाजिक शास्त्रांत ज्याचं नुकसान होऊ शकतं तो समोर बसलेला माणूस आहे, आणि त्याला या दोन क्रेडिटांत फारच थोडी जागा आहे.

भाषेचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. या विषयावरची बरीचशी बरी व्याख्यानं इंग्रजीत आहेत. मुलाखत घ्यायची ती मराठीत, गोंडीत, भिलीत, कोकणीत. लायकर्टनं १९३२ मध्ये मांडलेली ‘पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत’ ही पाच पायऱ्यांची पट्टी भाषांतरून गावात नेली की ‘सहमत’ आणि ‘पूर्ण सहमत’ यांतला फरक समजावण्यातच मुलाखत संपते. यावर एखादं प्रात्यक्षिक मराठीत चित्रित करणं हे काही मोठ्या खर्चाचं काम नाही.

आणखी एक गोष्ट खटकते. या अभ्यासक्रमांतली उदाहरणं फार लांबची असतात. स्टॅनफर्डचा तुरुंग, मिलग्रॅमचे विजेचे झटके, शिकागोच्या वस्त्या. ती असावीतच. पण क्षेत्रपाहणीची परंपरा आपल्या घरातही आहे, तिचं नाव निघत नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा घरोघर अभ्यास करून १९१७ मध्ये पुस्तक छापलं. आज तिथे इमारतींचं जंगल आहे. मान यांनी जुनी कागदपत्रं धुंडाळून दाखवलं की १७७१ मध्ये या गावात सरासरी धारणक्षेत्र चाळीस एकर होतं, ते १९१४-१५ पर्यंत सातांवर आलं. कागदपत्र आणि प्रत्यक्ष पाहणी एकमेकांवर घासून बघायची कशी, याचा तो धडाच आहे.

लगेच पुढच्या वर्षी, १९१८ मध्ये, तरुण भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला आणि मान व कृषी अधिकारी कीटिंग यांच्या ‘किफायतशीर धारणक्षेत्रा’च्या व्याख्येलाच हात घातला. कुटुंबाचं पोट भरेल एवढी जमीन ती किफायतशीर, अशी या दोघांची व्याख्या. आंबेडकरांचा आक्षेप असा की ही उपभोगाच्या बाजूनं केलेली व्याख्या झाली. शेती हा उत्पादनाचा व्यवसाय आहे, तेव्हा जमिनीबरोबर भांडवल आणि श्रम यांचं प्रमाण काय हे पाहायला हवं. तेवढं केलं की ‘लहान’ म्हणजे किती एकर हा प्रश्नच बदलतो. संकल्पना मोजायच्या आधी तिची व्याख्या तपासा, हे शिकवायला यापेक्षा चांगला पाठ मला माहीत नाही. मान आणि आंबेडकर शेजारी ठेवून एक तास घेतला तर ‘संकल्पनांचं कार्यकारी रूप’ वगैरे मथळे आपोआप सुटतात.

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वेही यात हव्यात. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे पुरस्कर्ते. मानवी कवट्यांच्या असमान ठेवणीचा वंशाशी संबंध आहे का, हे तपासायचं होतं. कर्व्यांनी मोजमापं घेतली आणि तसा संबंध दिसत नाही असं लिहिलं. गुरूला हवा तो निष्कर्ष माहितीतून निघत नसेल तर काय करायचं, हा प्रश्न आजच्या विद्यार्थ्यापुढेही असतो, फक्त कवट्यांच्या जागी आता गृहीतक क्रमांक एक ते पाच असतात. आपल्याकडच्या प्रबंधांत मांडलेली सगळी गृहीतकं कशी हमखास सिद्ध होतात, हे ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात कुणीही बसून पाहावं. अर्थतज्ज्ञ गाडगीळांच्या गोखले संस्थेनं १९३० च्या दशकात केलेली पुणे शहराची पाहणीही अशीच वापरात आणता येईल.

मग करावं काय? अभ्यासक्रम बंद करा असं मुळीच नाही. पडद्यावर जे काम चांगलं होतं ते त्यावर सोपवावं आणि प्राध्यापकाचा वाचलेला वेळ विद्यार्थ्यांबरोबर बाहेर घालवावा. समाजकार्याच्या शिक्षणात हे आधीपासून आहे. १९३६ मध्ये सुरू झालेल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत काय किंवा पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत काय, विद्यार्थी आठवड्यातले ठरावीक दिवस वस्तीत, रुग्णालयात, संस्थेत जातो, अहवाल लिहितो आणि मार्गदर्शकासमोर बसून त्यावर बोलतो. काय विचारलंस, तो गप्प का झाला, तू मध्येच का बोललास, असं ते चालतं. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एवढं सगळं नको. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात तीन मुलाखती, त्यांचं शब्दशः लेखन आणि त्यावर वर्गात चर्चा, एवढं जोडलं तरी बारा क्रेडिटांचा प्रबंध वेगळा दिसू लागेल. त्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही. आकडेवारी करायची असेल तर एस.पी.एस.एस.च्या चोरट्या प्रतीऐवजी ‘जामोवी’ आणि ‘आर’ फुकट आहेत.

आणि प्रत्येकानं फॉर्म काढलाच पाहिजे असंही नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीची कुटुंबनिहाय माहिती सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. साठ मित्रांच्या उत्तरांवरून ‘महाराष्ट्रातील तरुण’ या मथळ्याचा प्रबंध लिहिण्यापेक्षा, लाखभर कुटुंबांच्या माहितीतून एक छोटा प्रश्न नीट सोडवणं जास्त प्रामाणिक आहे. पदवीच्या विद्यार्थ्याला ते जमत नाही हा समज आहे. दोन महिने बसला तर जमतं, मार्गदर्शक सोबत बसला तर लवकर जमतं.

स्वयम् वरचं एक सत्र दर जानेवारीत सुरू होतं. अभ्यासक्रम शिकायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेलाच शुल्क आहे. घरात कुणी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असेल तर नाव नोंदवायला सांगा. आणि प्राध्यापक असाल तर त्या वर्गाच्या वेळापत्रकात शनिवारची सकाळ क्षेत्रभेटीसाठी मोकळी ठेवा.